शेवंता, अकरावा दिवस: प्याली एकदाची!

काल संध्याकाळी आमची नवी घोडी शेवंता तोंड वर न काढता पाणी प्याली. घोट मोजले: 44. घोटागणिक कान मागं-पुढं हलतात ना, ते बघत उभा होतो, मच्छर चावत होते तरी हललो नाही.

मागं लिहिलं होतं तसं, सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून कोल्हापूरपर्यंतचा 600 किलोमीटरहून जास्त प्रवास तिनं निभावला. चंदी (दाणा) दुसऱ्या दिवसापासून खाते, खरारा करून (अंग ब्रशनं घासून) घेते, पुढचे पाय उचलून देते (मागचे अजून नाही, नालबंद थांबलाय). रात्री उसाचे ट्रॅक्टर गाणी लावून जातात, त्याला ही बिचकत नाही. कुंपणाला अडकलेली प्लॅस्टिकची पिशवी मात्र वैरी.

अडलं ते पाण्यापाशी. बादलीवर खुणा करून मोजलं, दिवसाला 9-10 लिटर. एवढ्या अंगाच्या घोडीला 25 तरी हवं. वाळका कडबा खायचा आणि वर पाणी नाही, म्हणजे पोटशूळाला आवतण. सातव्या दिवशी लीद तीनदाच, तीही सुकी. गोळा बोटांनी फुटेना. रात्री दोनदा उठून कुशीला कान लावला. डावीकडे थोडी गुडगुड, उजवीकडे जवळपास शांत. हिरडी दाबून सोडली तर रंग परतायला 2 सेकंदांहून जास्त लागले, म्हणजे अंगात पाणी कमी. पहाटे डॉक्टर आले, नाकातून नळी घालून पाणी आणि पॅराफिन दिलं. तेव्हा कुठं दुपारी लीद पडली. लीद बघून एवढा आनंद घरच्यांना कळत नाही, तुम्हाला कळेल.

उपाय सगळे झाले होते. बोअरचं पाणी जड म्हणून नळाचं दिलं. नळाला क्लोरीनचा वास म्हणून रात्रभर उघडं ठेवलेलं दिलं. कोमट केलं. चंदीत मीठ घातलं. गुळाचं पाणी केलं. कोल्हापुरात राहून गूळ लागू पडू नये? ओठ बुडवून चाटलं आणि तोंड फिरवलं. ऑनलाइन मागवलेल्या महागड्या रबरी बादलीला तर असा वास की मीच प्यालो नसतो. लक्ष्मीपुरीतून आणलेलं साधं पत्र्याचं घमेलं तिच्यापेक्षा शंभर पटीनं बरं.

आणि काल? फिरवून परत आणत होतो. शेजारच्या मामांच्या म्हशी धारेआधी दगडी डोणीवर आल्या होत्या. शेवंता थांबली, कानांची टोकं जुळवून बघत राहिली. एका म्हशीनं सुर्र करून ओढायला सुरुवात केली तशी हिनं तिच्या शिंगाशेजारून तोंड घातलं. मी दोरी ओढणार, तर मामा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या की! एकटं कोण पितंय व्हय?"

आज सकाळी खात्री केली. बोअरचंच पाणी, आपलंच घमेलं, डोणीजवळ ठेवलं, पलीकडं म्हैस: 5 लिटर गेलं. तेच घमेलं तबेल्यात आणलं तर हुंगलं, वरचा ओठ उचलला, संपलं. म्हणजे दहा दिवस मी उगाच पाण्याला दोष देत होतो. बाजारात दहा-बारा घोड्यांच्या ओळीत राहिलेली, इथं चार भिंतींत एकटी.

सोबतीला शेळी घ्यायचा बेत होता, तो रद्द. दोन गोठ्यांमधला पत्राच काढायचा असं ठरवून सकाळी दोन पत्रे उतरवलेसुद्धा, तेवढ्यात डॉक्टरांचा फोन. ग्लँडर्सची (घोड्यांचा जीवाणूंमुळे होणारा साथीचा रोग) काळजी नको, तो गुरांना होत नाही, पण सरा (रक्तातल्या परजीवीचा रोग)? म्हशीत लक्षणं न दिसता असू शकतो, आणि घोडमाश्या चावून तो घोड्यात आणतात. घोड्याला तो फार जड जातो. रक्त तपासायला द्यायचंय, मामाही दोन म्हशींचं द्यायला तयार झाले. तोवर डोण बंद. पत्र्याच्या जागी जाळी, अलीकडं-पलीकडं एकाच वेळी पाणी, आणि मामांचा उकिरडा तिथून हलवायचा. तो त्यांनी दहा वर्षं हलवलेला नाही, तेव्हा हे काम सगळ्यात अवघड.

हे लिहितालिहिता सुचलं: जाळी येईपर्यंत तिला उतरवलेल्या पत्र्यांपासून दहा फुटांवर बांधून बघावं. नुसतं दिसलं तरी पितेय का?

बघून आलो. पितेय. आज दुपारी चारपर्यंत 18 लिटर, लीद पाचदा. आता जाळी कुठली घ्यावी ते सांगा. बारीक घेतली तर वारा अडेल, मोठी घेतली तर माश्या.