चाळकेवाडीच्या पठारावर विज्ञानाचा तास

पाठ्यपुस्तकात सौरऊर्जा आणि पवनऊर्जा ‘अपारंपरिक ऊर्जास्रोत’ या मथळ्याखाली येतात. मुले त्यांची यादी पाठ करतात, प्रदर्शनासाठी थर्माकोलची पवनचक्की बनवतात आणि ‘प्रदूषण होत नाही’ हे वाक्य लिहून गुण मिळवतात. सहावी ते आठवीच्या मुलांबरोबर सुट्टीच्या दिवशी प्रयोग करताना मला सतत जाणवत आले आहे की, या विषयावर मुलांच्या वाट्याला घोषणा भरपूर येतात, आकडे मात्र फारसे येत नाहीत. आणि आकडे हाती येईपर्यंत त्यांना या ऊर्जेची ताकदही उमगत नाही आणि मर्यादाही.

म्हणून मी सुरुवात घरच्या वीजबिलापासून करते. हजार वॅटचे उपकरण तासभर चालले की एक युनिट खर्च होते, एवढे समजले की दोन हजार वॅटचा गिझर अर्ध्या तासात जे युनिट संपवतो, त्याच युनिटवर पंचाहत्तर वॅटचा पंखा तेरा तास फिरतो, हे मुले स्वतःच काढतात. मग गच्चीकडे वळायचे. निरभ्र दुपारी एका चौरस मीटरवर साधारण १००० वॅट ऊन पडते आणि चांगले सौर पॅनेल त्याच्या पाचव्या हिश्शाची, म्हणजे सुमारे २०० वॅट, वीज करते. तेव्हा एक किलोवॅटसाठी पाच चौरस मीटर पॅनेल लागणार. दिवसभर दुपार नसते, ढगही येतात, त्यामुळे महाराष्ट्रात वर्षाची सरासरी धरली तर एका किलोवॅटमागे दिवसाला चारेक युनिटे हाती लागतात. इथवर आले की इमारतीत राहणारी मुले आपणहून विचारतात की, एकाच गच्चीखाली वीस कुटुंबे असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला किती येईल. या प्रश्नाचे उत्तर मी देत नाही, कागद आणि पेन्सिल देते.

प्रयोगासाठी तळहाताएवढे पॅनेल आणि एक मल्टिमीटर (व्होल्टेज आणि प्रवाह मोजणारे उपकरण) पुरेसा होतो. पॅनेलच्या एकाच घटावर बोट आडवे धरले की प्रवाह अपेक्षेपेक्षा खूपच खाली येतो, कारण सर्व घट एकापुढे एक जोडलेले असतात आणि एक अडला की सगळ्यांची वाट अडते. गच्चीवरच्या टाकीची सावली इतकी महागात का पडते, हे त्यावरून लक्षात येते. दुसरा प्रयोग उन्हाळ्यातला. जितके ऊन कडक तितकी वीज जास्त, असे मुलांनी गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षात तापलेले पॅनेल ओल्या फडक्याने पुसून थंड केले की व्होल्टेज वाढलेले दिसते, कारण सिलिकॉनचा घट तापला की त्याची शक्ती दर अंशामागे सुमारे ०.४ टक्क्याने घटते. पॅनेल ६० अंशांवर गेले तर २५ अंशांच्या मानाने बारा-चौदा टक्के वीज कमी मिळते. पॅनेलला ऊन हवे असते, उष्णता नको असते, ही गोष्ट मुलांना या प्रयोगाआधी कोणी सांगितलेली नसते.

पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून ठेवतात, हे त्यांना माहीत असते; परंतु मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात साताऱ्यात शून्य सावलीचा दिवस, म्हणजे भर दुपारी सूर्य नेमका डोक्यावर असण्याचा दिवस, येतो आणि त्यानंतर जुलैअखेरीपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो, हे अंगणात काठी रोवून पाहिल्याशिवाय पटत नाही. पॅनेलला गावाच्या अक्षांशाइतका, म्हणजे सुमारे अठरा अंशांचा, उतार देणे हा वर्षभराच्या हिशेबातून काढलेला मध्यम मार्ग आहे.

वाऱ्याचा भाग मात्र वर्गात उरकण्यासारखा नाही. भिरभिऱ्याला छोटी मोटार जोडून मल्टिमीटरवर आकडा दाखवता येतो (एलईडी बहुधा लागत नाही, कारण लाल एलईडीलाही पावणेदोन-दोन व्होल्ट लागतात), पण खरा धडा साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीला, पवनचक्क्यांच्या पठारावर, मिळतो. सज्जनगड आणि ठोसेघर करून येणाऱ्या सहली तिथे फोटोंसाठी थांबतात. पवनचक्की इतकी संथ का फिरते, हा पहिला प्रश्न हमखास येतो. शंभर मीटर व्यासाचे चक्र मिनिटाला पंधरा फेरे घेत असेल तर पात्याचे टोक ताशी किती किलोमीटर वेगाने जाते, एवढा गुणाकार मी करायला लावते. उत्तर ताशी २८० किलोमीटरांच्या आसपास येते आणि संथपणाचा विषय तिथेच संपतो.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली शक्ती आठपट होते, हा नियम कळला की पवनचक्क्या पठाराच्या कडेवर का उभारतात, हे समजावून सांगावे लागत नाही. आल्बर्ट बेट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १९१९ मध्ये दाखवून दिले की, वाऱ्यातली ५९.३ टक्क्यांपेक्षा जास्त ऊर्जा कोणतीही पवनचक्की काढून घेऊ शकत नाही. सगळीच घेतली तर हवा पात्यांमागे जागीच थांबेल आणि पुढच्या हवेला वाट उरणार नाही.

आपल्याकडे वारा मुख्यतः जून ते सप्टेंबरमध्ये, नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांबरोबर जोर धरतो आणि नेमके त्याच महिन्यांत ऊन ढगांआड जाते. ही सोय निसर्गानेच केली आहे. रात्रीचे मात्र काय, या प्रश्नावर मी बॅटरीच्या आधी घाटघरचे नाव घेते. तिथल्या २५० मेगावॅटच्या प्रकल्पात वीज जास्त असते तेव्हा खालचे पाणी वरच्या जलाशयात चढवतात आणि मागणी वाढली की तेच खाली सोडून वीज करतात. धरणे पाहत वाढलेल्या सातारच्या मुलांना हे पटकन कळते.

‘प्रदूषण होत नाही’ या वाक्याचा हिशेब याच पठारावर करता येतो. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी चाळकेवाडीत केलेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्ष्यांचे प्रमाण जवळपास चौपटीने कमी आणि गळ्याशी रंगीत पडदा असलेल्या सरड्यांची संख्या जास्त आढळली. शत्रू विरळ झाल्याने तिथले सरडे माणसाला अधिक जवळ येऊ देतात, असेही दिसले. मुलांना हे नुसते सांगण्यापेक्षा दोन गट करावेत, एकाला पवनचक्क्यांखाली आणि दुसऱ्याला त्यांच्यापासून दूरच्या माळावर ठरावीक अंतर चालायला लावावे, आणि आकाशातले शिकारी पक्षी व दगडांवरचे सरडे वहीत नोंदवून घ्यावेत. एका फेरीतून सिद्ध काहीच होणार नाही, हेही आधीच सांगावे. ही मोजणी ऊन चढल्यावर करावी, कारण भल्या सकाळी सरडे बाहेर आलेले नसतात.