तुम्ही विचारलंत म्हणून: मखीच्या पायाला काय लावलं?

तीन वर्षं झाली, प्रश्न तोच. नात्यातले विचारतात, शाळेतल्या सहकारी विचारतात, अधूनमधून अनोळखी नंबरवरूनही फोन येतो. "ताई, तुमच्या सशाच्या टाचेची जखम बरी झाली म्हणे. कोणतं मलम लावलंत?" मी म्हणते, मलमाचं नंतर, आधी ससा दिवसभर कशावर बसतो ते सांगा. पलीकडून उत्तर येतं, "ते बघू हो, पण मलमाचं नाव?" एकदा कंटाळून मी नाव सांगून टाकलं. तीन आठवड्यांनी त्याच बाईंचा रडत फोन आला. मलम रोज लावत होत्या, पण ससा पिंजऱ्याच्या जाळीवरच होता आणि जखम हाडापर्यंत गेली होती. तेव्हापासून मी नाव सांगत नाही. त्यावरून मी आढेवेढे घेते असं बोललं जातं, म्हणून आता सगळं लिहूनच काढते.

कुत्र्या-मांजराच्या तळव्याला गादी असते, सशाला ती नसते. केस, त्याखाली पातळ कातडी आणि लगेच हाड. ससा बसला की मागच्या पायाच्या टाचेपासून बोटांपर्यंतचा भाग जमिनीला टेकतो. नखं वाढली की बोटं वर उचलली जातात आणि सगळा भार टाचेवर येतो. वजन वाढलं की तेच, हालचाल कमी झाली की तेच. आमची मखमल, म्हणजेच मखी, तर रेक्स जातीची. 1919 साली फ्रान्समध्ये आखूड केसांची काही पिल्लं निघाली, त्यांच्यापासून ही जात पुढे वाढली. अंगावर हात फिरवला की खरंच मखमल. पण तळव्याला राखणारे राठ केसही त्यांना तोकडेच असतात. मुलांनी ज्या मऊपणावरून तिचं नाव ठेवलं, त्याच मऊपणाने तिचे पाय उघडे पडले होते. हे आम्हाला आणताना कोणी सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही.

जाळीच्या तळाचा पिंजरा मी निवडला होता. लेंड्या खाली पडतात, लघवी ट्रेमध्ये जाते, वास येत नाही. मी स्वच्छ बाई आहे, आणि तो पिंजरा स्वच्छ होता. त्यात तिला लसूणघास ढीगभर आणि वरून पोळी. सव्वाचार किलो भरली तेव्हा पाहुणे म्हणायचे, काय गुटगुटीत आहे! मला बरं वाटायचं.

जूनमध्ये ती बसल्या बसल्या पाय बदलायला लागली. आधी डावा उचलायची, मग उजवा. तळवा बघितला तर टाचेवरचे केस गेलेले आणि आठ आण्याएवढी जागा लाल. मी हळद आणि खोबरेल लावलं. आमच्याकडे कशालाही तेच लावतात. तेलाने केस चिकटले, त्यात घाण बसली आणि आतलं काही दिसेना. असे तीन आठवडे मी घालवले. पुढचं कोणाच्या माथी मारण्याआधी हे तीन आठवडे माझे आहेत, हे मान्य करते.

मग गावातल्या डॉक्टरांकडे नेलं. ते गाई-म्हशी बघणारे, माणूस चांगला. त्यांनी लहान मुलांचं अमॉक्सिसिलिनचं सिरप लिहून दिलं. मी मोजून मोजून दिलं, एकही डोस चुकवला नाही. दुसऱ्या दिवशी लेंड्या वाटाण्याएवढ्या होत्या त्या मोहरीएवढ्या झाल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या बंदच झाल्या आणि संध्याकाळी पातळ, घाण वासाचं जुलाबासारखं काहीतरी. रात्री मी कोथिंबिरीची काडी तिच्या तोंडाशी धरली. मखीने कोथिंबिरीला कधी नाही म्हटलेलं नव्हतं. काडीचा वाससुद्धा न घेता तिने मान फिरवली. कोपऱ्यात पोक काढून बसली, डोळे अर्धे मिटलेले, आणि जवळ कान नेला तर दात कराकरा वाजत होते. मला वाटलं काहीतरी चावतेय, म्हणजे खातेय. तो दुखण्याचा आवाज असतो.

पहाटे चारला आम्ही सांगलीहून पुण्याला निघालो. मी मागे बसले होते, मांडीवर भाजीची टोपली, टोपलीत टॉवेल आणि टॉवेलवर ती. कराडच्या पुढे पाऊस एवढा की काचेतून काही दिसेना. मी सबंध वाट तिच्या पोटावर हात ठेवून होते. सशाच्या पोटात एरवी सतत गुडगुड चालू असते. माझ्या हाताखाली काहीच हलत नव्हतं.

पुण्याच्या डॉक्टरांनी सिरपची बाटली बघितली आणि बाजूला ठेवली. सशाचं बरंचसं पचन आतड्यातल्या चांगल्या जंतूंवर चालतं. अमॉक्सिसिलिनसारखं पेनिसिलिनच्या जातीचं औषध तोंडावाटे दिलं की ते मरतात आणि विष सोडणारे वाईट जंतू माजतात. ससा बारा तास काही न खाता राहिला तर तेवढंच त्याच्या जिवावर बेतू शकतं, हेही मला तिथेच कळलं. सलाइन, दुखण्याचं औषध, सिरिंजने खुराक. पोट दोन दिवसांनी सुरू झालं. पहिली लेंडी पडली तेव्हा मी ती हातात घेऊन नवऱ्याला दाखवायला गेले.

पाय त्यांनी नंतर बघितला. खपली भिजवून काढली, तर आत पांढरट, खव्यासारखं घट्ट. सशाचा पू असाच असतो, वाहून जात नाही, काढावा लागतो. एक्स-रेमध्ये हाड वाचलेलं दिसलं. मग सांगितलं ते असं: पोव्हिडोन आयोडिन हे जंतुनाशक पाण्यात फिक्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून जखम धुवायची, कोरडी करायची, आपण भाजल्यावर लावतो ते सिल्व्हर सल्फाडायझिन पातळसं लावायचं आणि सैल पट्टी बांधून ती रोज बदलायची. सशाला चालणारं अँटिबायोटिक आणि मेलॉक्सिकॅम हे दुखण्याचं औषध, वजनावर मोजून त्यांनीच दिलं. घरातलं खाजेचं मलम अजिबात नाही, त्यात स्टिरॉइड असतं आणि ससा ते चाटतो. झालं, मलमाचं नाव मिळालं तुम्हाला. पण निघताना ते म्हणाले, "हे सगळं केलंत आणि पिंजरा तोच ठेवलात, तर परत इथेच याल."

घरी आल्यावर जाळी काढली. सासूबाईंच्या जुन्या साड्यांच्या गोधड्या खोलीभर अंथरल्या. लसूणघास बंद, त्याऐवजी वाळलेलं गवत आणि हराळी. नखं दर तीन आठवड्यांनी. वजन साडेतीन किलोवर आलं. जखम भरायला साडेतीन महिने लागले, आणि टाचेवर केस अजून आलेले नाहीत. गुलाबी, कोरडं, न फुटलेलं टक्कल असेल तर त्याला हात लावू नका, असं डॉक्टर सांगतात. मला तरी रोज हात लावून बघितल्याशिवाय झोप येत नाही.

जाळीचा पिंजरा होता तेव्हा मी स्वतःला म्हणायचे, गोधडीवर ठेवली तर ती कुरतडेल, ओल राहील. आता तीन वर्षांनी सांगते, ते खोटं नव्हतं. ती गोधडी कुरतडते, दोरे गिळू नयेत म्हणून मी कडा कापत बसते. ओलही राहते, आणि ओल्यावर बसल्यानेही टाच तशीच जाते. मऊ हवं आणि कोरडंही हवं, एकाच वेळी. पावसाळ्यात सांगलीत गोधडी दोन दिवस वाळत नाही. जाळी नक्की वाईट, एवढं मला कळतं. पण मी केलं ते पुरेसं आहे का, हे मला सांगता येत नाही. त्या गावातल्या डॉक्टरांवरचा राग गेला का, तेही सांगता येत नाही. रस्त्यात भेटले की ते विचारतात, "ससा कसा आहे?" मी "बरा आहे" म्हणते आणि पुढे जाते. सिरपचं त्यांना मी अजून सांगितलेलं नाही. सांगायला हवं होतं. त्यांच्याकडे दुसरे ससेही येत असतील.

परवा डाव्या टाचेवर पुन्हा लाली दिसली, कातडी फुटलेली नाही. चार गोधड्या गॅलरीत आहेत, दोन पंख्याखाली. पुण्याला फोटो पाठवलाय.