काउंटर ठेवायचा कुठे?

दुकानांची अंतर्गत रचना हा माझा व्यवसाय असल्यामुळे कोणत्याही दुकानात शिरताना माझी नजर मालाआधी काउंटरकडे जाते. वाण्याच्या दुकानात माल आत आणि गिऱ्हाईक बाहेर, ही मांडणी आपण लहानपणापासून पाहत आलो. पाव किलो तूरडाळ हवी असली तरी ती मागावी लागे आणि वाणी ती तोलून पुडीत बांधून देई. त्यात वेळ जाई हे खरे, परंतु उधारीची वही आणि कोणती डाळ लवकर शिजते हा सल्ला, दोन्ही त्याच फळीवरून मिळत असत.

हा काउंटर बाजूला सारण्याचे श्रेय बहुधा अमेरिकेतील मेम्फिस शहराला दिले जाते. तेथे १९१६ साली क्लॅरेन्स सॉन्डर्स यांनी ‘पिगली विगली’ हे दुकान उघडले. टोपली घेऊन आत शिरायचे, आखून दिलेल्या एकाच वाटेने सगळ्या फळ्यांसमोरून जायचे आणि बाहेर पडताना पैसे द्यायचे, अशी ती रचना होती व पुढच्याच वर्षी तिचे पेटंटही त्यांना मिळाले. काउंटर नाहीसा झाला नाही, तो फक्त दारापाशी सरकला. २००२ साली पवईत डी-मार्टचे पहिले दुकान सुरू झाले आणि पुढे ट्रॉली ढकलत डाळ-तांदूळ घेण्याची सवय मध्यमवर्गीय मराठी घरांना लागली, तेव्हाही सल्ला संपला आणि रांग तेवढी उरली.

ही रांगही काढून टाकण्याचा प्रयोग अॅमेझॉनने जानेवारी २०१८ मध्ये सिएटलमध्ये लोकांसाठी खुला केला. छतावरचे कॅमेरे आणि फळ्यांमधले वजनाचे संवेदक यांच्या आधारे कोणी काय उचलले हे ओळखायचे आणि गिऱ्हाईक बाहेर पडल्यावर पैसे आपोआप वळते करायचे, अशी ही व्यवस्था आहे. २०२४ मध्ये कंपनीने आपल्या अमेरिकेतील मोठ्या किराणा दुकानांमधून ती काढून घेण्याचे ठरवले, मात्र विद्यापीठे, रुग्णालये आणि क्रीडांगणे यांच्या आवारातील छोट्या दुकानांसाठी ती चालूच ठेवली. मला यात आश्चर्य वाटले नाही. महिन्याचे सामान भरणारा माणूस किंमत पडताळत, वस्तू परत ठेवत फिरतो. पंधरा मिनिटांच्या सुट्टीत धावत आलेल्या विद्यार्थ्याला एक पेन आणि एक बिस्किटाचा पुडा एवढेच हवे असते. आपल्याकडच्या महाविद्यालयांत हेच काम, कॅमेऱ्यांचा कसलाही खर्च न करता, भिंतीवर चिकटवलेल्या क्यूआर कोडने बऱ्याच अंशी केले आहे. सुट्या पैशांचा वाद मिटल्यामुळे तेथे आता गल्ल्यापेक्षा माल हातात देण्याच्या खिडकीची रुंदी महत्त्वाची ठरते, आणि नवे आराखडे काढताना मी दोन खिडक्या धरतो.

रुग्णालयातील औषधांच्या दुकानात मात्र काउंटर काढता येत नाही आणि माझ्या मते काढूही नये. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची औषधे नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीखालीच दिली जावीत, असा कायदा आहे. किरकोळ औषधविक्रीच्या परवान्यासाठी नियमाप्रमाणे किमान १० चौरस मीटर जागा लागते आणि पुष्कळ रुग्णालयांत प्रत्यक्षात त्याहून फारशी अधिक जागा दिली जात नाही. आईच्या शस्त्रक्रियेच्या वेळी एका रुग्णालयात मी रात्री दोन वाजता तिसऱ्या मजल्यावरून तळघरातील अशा दुकानात गेलो होतो. काचेला कमरेच्या उंचीवर एक भोक होते, त्यातून बोलण्यासाठी प्रत्येकाला वाकावे लागत होते, आणि माझ्यापुढच्या वयस्क गृहस्थांना आपल्या पत्नीसाठी डायपर हवे आहेत हे रांगेतील सर्वांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात दोनदा सांगावे लागले.

त्या रात्रीनंतर माझे आराखडे बदलले. डायपर, पट्ट्या, वॉकर, कमरेचे पट्टे अशा वस्तू मी बाहेरच्या उघड्या फळ्यांवर आणतो, म्हणजे त्या मागाव्या लागत नाहीत. औषधांचा काउंटर मात्र काचेशिवाय ठेवतो आणि त्याचा एक भाग चाकाच्या खुर्चीवरील व्यक्तीला पोहोचेल एवढा खाली घेतो. गोळी जेवणाआधी की नंतर, हे समजावून सांगण्यासाठी एक कोपरा रांगेपासून थोडा दूर असावा, असाही माझा आग्रह असतो. दुकानात रेंगाळणारे गिऱ्हाईक अधिक खरेदी करते, हे आमच्या व्यवसायातले जुने गणित येथे लावणे मला अशोभनीय वाटते, कारण येथे आलेला माणूस मनाने वरच्या मजल्यावरच असतो.

अर्थात प्रत्येक चौरस फुटाचा हिशेब मागितला जातो. अलीकडेच एका छोट्या रुग्णालयाच्या डॉक्टर-मालकांनी आराखड्यातील बसण्याच्या जागेवर बोट ठेवून, येथे आणखी एक रॅक बसेल, असे सांगितले. बरीच चर्चा झाली. रॅक भिंतीवर उंच गेला आणि खाली तीन खुर्च्या राहिल्या.