दांडा एवढा लांब कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. शेतावर येणारा प्रत्येक जण जीपमागं ओढायच्या आमच्या ट्रेलरभोवती एक चक्कर मारतो आणि हेच विचारतो: हौदा एवढासा, मग दांडा एवढा लांब कशाला? आणि त्यावर हे दातेरी चाक कसलं?

पहिल्यांदा दांडा आखूडच होता. सोलापूरच्या अक्कलकोट रोडला वळसंगच्या पुढं मित्राचं शेत आहे. वरच्या खडकाळ तुकड्यात त्यानं सीताफळ लावलंय, पण तिथं बोअरला पाणी नाही. खालून दोनशे लिटरचा ड्रम न्यायचा, तर मधे दगडगोटे, ओघळ आणि पावसानंतर काळ्या मातीचा राडा. म्हणून ट्रेलर. आणि नवा परवडत नव्हता, म्हणून भंगार.

भंगारवाल्याकडं जुन्या जीपचा मागचा एक्सल मिळाला, कमानपाट्यांसकट. एक पाटा तडकलेला होता, तो बदलला. ओढणारी गाडीही जीपच असल्यानं चाकं सारखी. एकच स्टेपनी दोघांना चालते आणि ट्रेलर जीपच्याच चाकोरीतून येतो. चॅनेल, अँगल एका पाडलेल्या शेडचे. मडगार्ड मुद्दाम टायरच्या वीतभर वर ठेवलं, नाहीतर काळी माती मधे अशी गच्च बसते की चाकच फिरत नाही. वेल्डिंग एका मित्राचं, दर रविवारी एमआयडीसीतल्या त्याच्या शेडमधे. मजुरीत कडक भाकरी, शेंगाचटणी आणि आमची बडबड.

पहिल्या फेरीला ड्रम भरला, जीप निघाली आणि उताराला ट्रेलर शेपटी हलवायला लागला. डावीकडं, उजवीकडं, मग जास्तच. थांबलो. आम्ही टायरची हवा बघतोय, बेअरिंग हलवून बघतोय. शेजारच्या वावरातले मामा आले, त्यांनी दांड्याखाली हात घातला आणि उचलून दाखवला. एका हातानं!

"काय बे, उलाळ झालीया तुमची गाडी. कधी बैल जुपलाय का नाय?"

बैलगाडीत मागं ओझं जास्त झालं की जू वर उचलतं, तीच गाडी उलाळ. ट्रेलरचंही अगदी तेच. भरलेल्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा तरी जीपच्या हुकावर पडायला हवा. कांदा मार्केटात काम करणाऱ्या मित्रानं वजनकाटा आणला. एकूण भार ५०० किलोच्या आसपास, आणि दांड्याखाली काटा ठेवला तर ६ किलो! आम्ही ड्रम बसवला होता एक्सलच्या मागं, का तर तोटी काढायला सोपं.

एक्सल मागं सरकवणं हा खरा उपाय. पण पाट्यांचे ब्रॅकेट पक्के वेल्ड झालेले आणि ते कापायचं म्हटल्यावर वेल्डर मित्राचा चेहरा बघवेना. मग ड्रम दीड फूट पुढं आणला. दांडा दोन फूट वाढवला, कारण आखूड दांड्याचा ट्रेलर रिव्हर्स घेताना क्षणात मुडपतो. लांब असला तर स्टेअरिंग सावरायला वेळ मिळतो. तरीही काटा चाळिशीच्या आतच.

तेव्हा एका मित्राच्या घरच्या बंद पडलेल्या यंत्रमागाचं हे दातेरी चाक आलं. १८ किलोचं. वडिलांनी माग भंगारात काढले तेव्हा एवढं त्यानं ठेवून घेतलेलं. ते दांड्याला वेल्ड करायचं म्हटलं, तर वेल्डर म्हणाला, "बीड आहे ते, ओतीव लोखंड, साध्या रॉडनं जोडलं तर तडकेल." मग मधल्या भोकातून बोल्ट घालून आवळलं. काटा ५३ वर गेला.

पासिंगचंही विचारता, म्हणून तेही सांगतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ट्रेलरही मोटार वाहनच, त्याला नोंदणी लागते. आमचा टेम्पोत घालून शेतावर आणला, तो तिथून बाहेर गेलेला नाही.

मामा अजूनही येता-जाता दांड्याखाली हात घालून बघतात. आता दोन्ही हात लावावे लागतात.