प्रदर्शनाचे दोन दिवस

मॉडेल रेल्वेच्या मंडळांचे वर्षभराचे काम बाहेरच्या माणसाला दिसते ते वार्षिक प्रदर्शनातच. एरवी आठवड्यातून एका संध्याकाळी दहा-बारा सभासद भाड्याच्या खोलीत जमतात. कोणी पितळी पत्र्यापासून घडवलेल्या इंजिनाला डाख देत असतो, कोणी इवल्या स्लीपरांमधली खडी ब्रशने सारखी करत असतो, आणि गप्पा रंगतात त्या अमुक साली अमुक डब्याचा रंग नेमका कोणता होता यावर. इंग्लंडमध्ये ही परंपरा जुनी आहे. लंडनचा मॉडेल रेल्वे क्लब १९१० साली स्थापन झाला आणि वेस्टमिन्स्टरच्या सेंट्रल हॉलमध्ये ईस्टरच्या सुमारास भरणारे त्याचे प्रदर्शन पाहायला एके काळी दूरदूरहून माणसे येत. उत्तर स्टॅफर्डशायरमधले आमचे मंडळ त्या मानाने फार लहान आहे. ऑक्टोबरमधल्या एका शनिवार-रविवारी एका शाळेच्या सभागृहात आमचे प्रदर्शन भरते. तरीही इंग्लंडमधल्या माझ्या वर्षातला मोठा सण कोणता, असे कोणी विचारले तर मी याच दोन दिवसांचे नाव घेईन.

खरी सुरुवात होते शुक्रवारी संध्याकाळी. शाळा सुटते, मैदानात व्हॅन येऊन थांबतात आणि पाहुण्या मंडळांचे लेआउट, म्हणजे रूळ, स्टेशन आणि आसपासच्या परिसरासह मांडलेली छोटी रेल्वे, तुकड्या-तुकड्यांनी आत येऊ लागतात. चार-चार फुटांचे लाकडी पाट घोड्यांवर चढवायचे, पातळी तपासायची, दोन पाटांवरचे रूळ केसाचेही अंतर न राहता जुळवायचे, खालच्या तारा जोडायच्या, आणि मग सगळीकडून एकच इंजिन सावकाश फिरवून पाहायचे. गणेशोत्सवात देखावा उभारताना ज्यांनी आदल्या रात्री जागरण केले आहे, त्यांना या संध्याकाळची धांदल वेगळी सांगायला नको. रात्री उशिरा, चहाच्या अखेरच्या फेरीबरोबर, कुठल्यातरी कोपऱ्यात पहिली गाडी अडखळल्याशिवाय पूर्ण फेरी मारते आणि सभागृहातली सगळी माणसे हातातले काम टाकून तिकडे पाहतात.

प्रत्येक लेआउटला एक गाव असते आणि एक साल असते. ब्रिटनमधल्या शंभराहून अधिक रेल्वे कंपन्या १९२३ मध्ये चार मोठ्या कंपन्यांत विलीन झाल्या, १ जानेवारी १९४८ रोजी त्या चारही सरकारी झाल्या, आणि ऑगस्ट १९६८ मध्ये मुख्य रेल्वेवरील वाफेच्या इंजिनांचे युग संपले. त्यामुळे साल एकदा ठरले की डब्यांचा रंग, इंजिनावरची अक्षरे, फलाटावरच्या जाहिराती, रस्त्यावरच्या मोटारी, सगळे त्याच्याशी जुळावे लागते. या काटेकोरपणाला बाहेरची माणसे हट्ट समजतात. मला मात्र त्यात माया दिसते. जे स्टेशन आता नकाशावर उरलेले नाही, त्याच्या छपराखालची लाकडी झालर कशी कापली होती हे शोधून काढायला कोणी दोन हिवाळे खर्च करतो, तेव्हा त्या स्टेशनची एवढी कदर त्याच्या हयातीतही कोणी केली नसेल.

मापांचाही असाच इतिहास आहे. ब्रिटनमध्ये सर्वांत रुळलेल्या ‘डबल ओ’ मापात एका फुटाला चार मिलिमीटर धरतात, म्हणजे सारे खऱ्याच्या शहात्तराव्या हिश्शाएवढे होते. पण रुळांमधले अंतर साडेसोळाच मिलिमीटर, हिशेबाने हवे त्याहून सव्वादोन मिलिमीटरहून अधिक कमी. ब्रिटिश इंजिने युरोपातल्या इंजिनांपेक्षा अरुंद बांध्याची होती, त्या काळच्या विजेच्या मोटर मॉडेलांच्या पोटात मावत नव्हत्या, म्हणून रूळ युरोपातल्या लहान मापाचे ठेवून वरचे शरीर तेवढे मोठे केले गेले. ज्यांना ही तडजोड सोसवत नाही, ते १८.८३ मिलिमीटरवर स्वतःच्या हाताने रूळ घालतात. प्रदर्शनात हे दोन्ही पंथ शेजारी-शेजारी मांडलेले असतात आणि दुपारचे जेवण एकाच टेबलावर घेतात.

लेआउटच्या मागे उभे राहून गाडी चालवणे हे पाहण्यापेक्षा निराळेच सुख आहे. आमच्याकडे दोन्ही टोकांच्या सिग्नलवाल्यांमध्ये खऱ्या सिग्नल बॉक्समधल्यासारखी घंटा असते. एक ठोका म्हणजे लक्ष द्या. मग तीन ठोके, थोडी उसंत आणि एक ठोका, म्हणजे साधी पॅसेंजर पाठवू का. पलीकडून तेच ठोके परत आले की परवानगी मिळाली. गाडी निघाली की दोन ठोके. सगळा दिवस मंडळी अशीच घंटांवर बोलत असतात. मालगाडीच्या वाघिणी जोडायच्या तर त्याला तीन कड्यांची खरीखुरी साखळी असते, तांदळाच्या दाण्याहून बारीक कड्यांची. लहान टॉर्चला बांधलेल्या तारेच्या आकड्याने शेवटची कडी उचलायची, श्वास रोखून पुढच्या वाघिणीच्या हुकात अडकवायची, आणि समोर कठड्याला टेकलेल्या मुलांनी तोवर तोंडातून चकार शब्द काढायचा नाही, असा जणू अलिखित नियमच आहे. ती कडी अडकल्यावर मुलांच्या चेहऱ्यावर जे हसू फुटते, त्यासाठी मी कितीही वेळ उभी राहायला तयार असते.

आमच्या मंडळाचा स्वतःचा लेआउट आहे लीक अँड मॅनिफोल्ड व्हॅली लाइट रेल्वेचा. वॉटरहाउसेस ते हल्म एंड ही सव्वाआठ मैलांची, अडीच फुटी रुळांची रेल्वे जून १९०४ मध्ये सुरू झाली आणि मार्च १९३४ मध्ये बंद पडली. चुनखडीच्या कड्यांमधून जाणाऱ्या तिच्या मार्गावरून आता लोक पायी आणि सायकलने जातात. स्टोकला नोकरीसाठी आल्यावर पहिल्यांदा हे प्रदर्शन पाहायला गेले, तेव्हा मी या लेआउटपुढे उभी राहिले ती पुढे सरकेचना. फिकट पिवळे लांब डबे, त्यांच्या टोकांना उघडे सज्जे, पुढे मोठा दिवा लावलेले बसके इंजिन, आणि त्याच्या बाजूवर नाव: ई. आर. कॅलथ्रॉप. माझे वडील कुर्डुवाडीच्या छोट्या गाडीच्या कारखान्यात फिटर होते आणि कॅलथ्रॉपसाहेबांचे नाव आमच्या घरात आदराने घेतले जाई.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप हे बार्शी लाइट रेल्वेचे शिल्पकार. जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या बार्शी रोड स्टेशनपासून, म्हणजेच आजच्या कुर्डुवाडीपासून, बार्शी गावापर्यंतची त्यांची अडीच फुटी रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली. गाडीच्या कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार येऊ द्यायचा नाही, म्हणजे हलके रूळ पुरतात आणि खर्च आवाक्यात राहतो, हे त्यांचे सूत्र होते. ताकदवान इंजिन हवे असेल तर चाके वाढवून वजन वाटून द्यायचे. लीड्सच्या किटसन कारखान्याने बार्शीची इंजिने घडवली आणि पुढे मॅनिफोल्डचीही. मॅनिफोल्डच्या खोऱ्यात रेल्वे बांधायची ठरली तेव्हा तिचे अभियंता म्हणून कॅलथ्रॉप आले आणि बार्शीला शिकलेले सगळे घेऊन आले. म्हणूनच इंग्लंडच्या त्या थंड, हिरव्या खोऱ्यातली गाडी उन्हाच्या देशासाठी बनवल्यासारखी दिसते. मोठ्या रेल्वेच्या वाघिणी जशाच्या तशा पाठीवर घेणारे खास वाहक डबे ही तिथली आणखी एक नवलाई. एक्टनच्या डेअरीचे दूध त्यामुळे दुसऱ्या वाघिणीत न भरता पुढे जाई.

त्या शनिवारी मी हे सगळे लेआउटमागच्या गृहस्थांना धांदरटपणे, एका दमात सांगितले. त्यांनी गाडी चालवायची कळ शांतपणे माझ्या हातात दिली. पुढच्या वर्षीपासून मी कठड्याच्या आतल्या बाजूला आले ती कायमचीच. नंतर केव्हातरी लेआउटच्या शेजारी बार्शी लाइटचा एक फलक लावायला सुरुवात झाली, आणि आषाढीला पंढरपूरकडे जाणाऱ्या गाड्यांच्या टपांवरही वारकरी कसे बसत, हे वडिलांकडून ऐकलेले वर्णन मी दरवर्षी लीक आणि ॲशबोर्नच्या माणसांना सांगते. चुनखडीच्या कड्यांकडे पाहता पाहता ती माणसे चंद्रभागेचे वाळवंट कसे असते ते विचारतात.

प्रदर्शनाला येणाऱ्यांमध्ये माझे सर्वांत आवडते म्हणजे जुने रेल्वे कर्मचारी. स्टोकच्या इंजिन शेडमध्ये फायरमन म्हणून राबलेले एक आजोबा बरीच वर्षे नेमाने येत असत. एकदा एका पाहुण्या लेआउटवरच्या गाडीपुढे ते थांबले आणि हळूच म्हणाले की ही तर स्थानिक पॅसेंजर, मग तिच्या दोन्ही बफरांवर, म्हणजे पुढच्या धक्के झेलणाऱ्या तबकड्यांवर, दिवे कसे? दोन दिवे एक्स्प्रेसला. हिचा एकच दिवा, धुराड्याच्या पायथ्याशी हवा. लेआउटच्या मालकाने लगेच गाडी थांबवली, चिमट्याने दोन्ही दिवे काढले, खोक्यातून एक शोधून जागेवर बसवला आणि आजोबांकडे पाहिले. त्यांनी मान डोलावली, तेव्हाच गाडी सुटली. असे शिकणे पुस्तकातून होत नाही, आणि ते वर्षातून याच दोन दिवसांत होते.

मी परकी असून या छंदात इतकी रमले याचे कोणाला नवल वाटले तर मी त्यांना ऑक्सफर्डशायरमधल्या पेंडनच्या संग्रहालयात जायला सांगते. ऑस्ट्रेलियातून आलेल्या रॉय इंग्लंड यांनी व्हाइट हॉर्सच्या खोऱ्यातली गवताने शाकारलेली घरे नाहीशी होताना पाहिली आणि ती पुठ्ठ्याची, एकेक वीट जलरंगाने रंगवून, जपून ठेवायचा ध्यास घेतला. बाहेरून आलेल्या माणसाच्या डोळ्यांना ते मोल आधी दिसले.

रविवारी पाच वाजता दारे बंद झाली की दोन दिवसांचे जग तासाभरात व्हॅनमध्ये जाते, आणि उरलेल्या सँडविचांभोवती मंडळाची बैठक बसते. गेल्या ऑक्टोबरच्या बैठकीत माझा जुना प्रस्ताव मंजूर झाला: बार्शीचे ‘ए’ वर्गाचे इंजिन, आठ जोडलेली चाके आणि मागे चार लहान, चार मिलिमीटरच्या मापात पितळेत घडवायचे. अडीच फूट या मापात बरोबर दहा मिलिमीटर होतात, त्यामुळे बाजारातल्या नऊ मिलिमीटरच्या रुळांवर भागवायचे नाही, रूळही स्वतःच घालायचे, असे ठरले. चौकट एक निवृत्त कुंभारभट्टीवाले कापत आहेत, चाके दुसऱ्या एका सभासदाच्या लेथवर आहेत, आणि पाण्याच्या टाक्यांवरच्या रिव्हेटांच्या ओळी वडिलांच्या जुन्या छायाचित्रांवरून मोजण्याचे काम माझ्याकडे आहे.