जुनी इंग्रजी स्थलनामं: टेकड्या संपत आल्या, दऱ्यांना हात घातला

मागच्या नोंदीत ठरवल्याप्रमाणे टेकड्यांच्या शब्दांचं काम बरंच पुढे सरकलं आहे. इंग्लंडच्या जुन्या स्थलनामांमध्ये टेकडीसाठी कितीतरी शब्द सापडतात आणि साधे कोश त्या सगळ्यांपुढे एकच अर्थ लिहून मोकळे होतात: 'टेकडी'. स्थलनामांच्या अभ्यासक मार्गारेट गेलिंग यांनी 1984 साली आणि पुढे 2000 मध्ये अ‍ॅन कोल यांच्यासोबत हे चित्र पार बदललं. अँग्लो-सॅक्सन (म्हणजे नॉर्मन येण्याआधीच्या इंग्लंडमधल्या) शेतकऱ्यासाठी यातला प्रत्येक शब्द जमिनीच्या एका विशिष्ट आकाराचा होता, असं त्यांचं म्हणणं. तेव्हापासून नुसत्या कोशावर माझं समाधान होत नाही. प्रत्येक नाव नकाशावर पाहायचं, समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) वाचायच्या, मगच वहीत चढवायचं.

'दून' आधी घेतला. (डेहराडूनशी याचा काही संबंध नाही, तिथे दून म्हणजे खोरं, इथे बरोबर उलट.) हा शब्द माथ्यावर सपाटी असलेल्या, वस्ती करता येईल अशा ऐसपैस टेकडीसाठी वापरत. विम्बल्डन घ्या. दहाव्या शतकातल्या लेखात ते 'वुनेमन्नेदुने' असं येतं, म्हणजे वुन्मन नावाच्या कुणाची टेकडी. नॉर्मन लोकांच्या जिभेवर 'न'चा 'ल' झाला आणि मूळ माणूस दिसेनासा झाला. नकाशात विम्बल्डन कॉमन पाहा, चांगलं रुंद पठार आहे. स्विंडन म्हणजे डुकरांची टेकडी, आणि तिथलं जुनं गावठाणही वरच आहे.

माझा सगळ्यात आवडता शब्द मात्र 'होह', म्हणजे टाच. माणूस पालथा झोपला की पावलाची टाच कशी वर येते आणि मग एकदम खाली उतरते, तशी डोंगराची सोंड. आपले ट्रेकर ज्याला सोंड म्हणतात तिचाच हा एक खास प्रकार. आजच्या नावांत तो 'हो', 'हू' असा उरला आहे: प्लिमथचा हो, सफकमधला सटन हू. बकिंगहॅमशरमधलं आयव्हिंगहो 1086 च्या डूम्सडे बुकात, म्हणजे इंग्लंडच्या जमीनजुमल्याच्या सरकारी नोंदवहीत, आहे. इफा नावाच्या माणसाशी जोडलेली ही टाच. आयव्हिंगहो बीकन 233 मीटर उंच, रिजवे ही जुनी डोंगरवाट तिथे संपते. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडने ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटिश सरकारी नकाशा-संस्थेचे जुने नकाशे फुकट पाहायला ठेवले आहेत. त्यावर या डोंगराची कड शोधा. उतारावर रेषा एकमेकींना चिकटतात, माथ्याकडे विरळ होतात, आणि टोकाला ती टाच दिसतेच. हे नाव ठेवणाऱ्याने डोंगर खालून, शेतात उभं राहून पाहिला असणार, याची मला तरी शंका वाटत नाही.

आता दऱ्या. 'देनु' ही लांब, वळणं घेत जाणारी दरी, तर 'कुम्ब' आखूड, रुंद आणि तीन बाजूंनी वेढलेली. चिल्टर्न टेकड्यांमधली ह्यूएन्डन आणि मिसेन्डन ही देनुची चांगली उदाहरणं. मिसेन्डन दोन आहेत, ग्रेट आणि लिटल, अगदी आपल्या बुद्रुक-खुर्दसारखी. जवळच हाय वायकम आहे, आणि त्यात 'कुम्ब' आहे असं कुणालाही वाटेल. पण दहाव्या शतकाच्या उत्तरार्धातलं रूप 'विकुमुन' असं आहे. तिथे 'ब' नाही. म्हणून 'वस्त्यांपाशी' हा अर्थ पुढे येतो. हा शब्द 'विक'च्या अनेकवचनाचा. आजच्या स्पेलिंगवरून अर्थ लावणाऱ्या प्रत्येकाने वायकमसाठी थोडं थांबावं.

केंट परगण्यात 'डेन' आलं की आणखी जपावं लागतं. तिथल्या वील्ड या जुन्या जंगलपट्ट्यात टेंटरडेन, बिडेन्डन, बेनेन्डन, रॉल्व्हेन्डन अशी नावं दाटीवाटीने आहेत. यातलं 'डेन' दरीचं नव्हे, 'देन्न'चं: म्हणजे जंगलातलं डुकरांचं चराऊ रान. टेंटरडेन हे थॅनेटच्या लोकांचं. थॅनेट हा केंटच्या पूर्व टोकाचा, पूर्वी खरोखरच बेट असलेला भाग. तिथून टेंटरडेन पन्नास-साठ किलोमीटर. शरद ऋतूत ओकची फळं गळू लागली की डुकरांचे कळप इतक्या लांब हाकत आणायचे आणि चारून माघारी न्यायचे. उत्तर आणि पूर्व केंटमधल्या गावांचे असे राखीव हिस्से वील्डमध्ये होते. पुढे रानात कायमची घरं झाली, तरी नाव चरणीचंच राहिलं. आज या भागातल्या कित्येक गल्ल्या नैर्ऋत्येकडे एकमेकींना समांतर जातात. त्या कळपांच्याच वाटा. हा नकाशा मी पुन्हा पुन्हा उघडतो. एका प्रत्ययात कुणाची जनावरं कुठे चरत होती हेही कळतं, आणि त्यासाठी कुठेही खणावं लागत नाही.

वहीत आता प्रत्येक नावापुढे चार रकाने आहेत: आजचं रूप, सर्वांत जुनं रूप सालासकट, जमिनीचा आकार, आणि माझं मत. जुन्या रूपांसाठी इंग्लिश प्लेस-नेम सोसायटीचे परगणावार खंड वापरतो. 1923 साली स्थापन झालेल्या या संस्थेचं सर्वेक्षण अजून चालूच आहे. ज्यांना हा छंद नव्याने लावून घ्यायचा आहे त्यांनी दुसरा रकाना भरल्याशिवाय चौथ्याला हात लावू नये, एवढं आग्रहाने सांगतो.

'हॅम' मुद्दाम मागे ठेवलं आहे. घरदार या अर्थाचं 'हाम' आणि नदीच्या वळणातली जमीन या अर्थाचं 'हम्म' आज एकसारखेच लिहिले जातात, आणि जुनी रूपंही कधी कधी निकाल देत नाहीत. त्याआधी थेम्सकाठचे शब्द घेतो. 'हिथ' म्हणजे धक्का, माल उतरवायची जागा: लॅम्बेथला कोकरं, रॉदरहाइथला गुरं, चेल्सीला चुनखडी. पटनी हाही धक्काच. शेजारचं बॅटरसी मात्र बेट, म्हणजे पाणथळीतली कोरडी जागा. हे सगळे ठिपके आधी एकाच नकाशावर बसवायचे आहेत.