‘इतर’ नावाचा रकाना

बंद पडलेल्या ब्लॉगवरची शेवटची नोंद वाचायचा मला नाद आहे. ती जवळपास नेहमी सारखीच असते. ‘बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मध्यंतरी कामाच्या गडबडीत जमलं नाही. आता मात्र नियमित लिहायचं ठरवलंय.’ खाली तारीख, आणि त्या तारखेनंतर काही नाही. एवढ्या निर्धारानंतर माणूस नेमका गप्प कसा होतो, हे कोडंच आहे. वेळ मिळत नाही ही सबब मला पटत नाही. वेळ नसलेली माणसं रोज मोबाइलवर इतका मजकूर बडवत असतात की त्यात महिन्याचे दोन-चार लेख सहज बसावेत. घोडं पेंड खातं ते दुसरीकडे. लिहायला बसलं की दर वेळी श्रीगणेशापासून सुरुवात. आज काय लिहू? मागच्या वेळी सिनेमावर लिहिलं, त्याआधी गुडघेदुखीवर, आता एकदम निवडणुकीवर कसं लिहू? हे इथे शोभेल का? या वादाचा निकाल लागेपर्यंत लिहायची उबळ जिरून जाते.

रोजनिशीला हा ताप नसतो. सॅम्युएल पीप्स या इंग्रज गृहस्थाने १ जानेवारी १६६० रोजी लंडनमध्ये रोजनिशी लिहायला घेतली आणि ३१ मे १६६९ रोजी, आता डोळे जाणार या धास्तीने थांबवली. (डोळे गेले नाहीत, ही गोष्ट वेगळी.) मधल्या साडेनऊ वर्षांत नौदलाच्या कचेरीतली कुरघोडी, नाटकं, बायकोशी झालेली भांडणं, अंगावरचे नवे कपडे आणि लंडनच्या १६६६ सालच्या मोठ्या आगीत बागेत खड्डा खणून पुरून ठेवलेलं चीज, सगळं एकाच पंगतीला बसलंय. त्याला कोण विचारणार होतं, की बाबा रे, तुझा विषय काय? ती रोजनिशी छापून लोकांपुढे यायला १८२५ साल उजाडावं लागलं.

ब्लॉग लिहिणाऱ्याला मात्र वाचक आजच, आत्ता येणार असतो. शिवाय ब्लॉगची मांडणीच अशी की ताजी नोंद वर आणि जुन्या खाली खाली जात राहतात. म्हणजे नवा माणूस येतो तो थेट मधल्याच कुठल्या तरी पानावर. त्याला मागचं ठाऊक नसतं, पुढचं अजून लिहिलेलं नसतं. अशा माणसाला दोन मिनिटांत अंदाज यावा लागतो की इथे काय मिळतं आणि परत यावं की नाही. सुरुवातीला हे सोपं होतं. १९९७ च्या डिसेंबरात जॉर्न बार्गर या अमेरिकन गृहस्थाने इंटरनेटवर भटकताना सापडलेल्या वाचनीय गोष्टींची नोंद ठेवायला सुरुवात केली आणि तिला ‘वेबलॉग’ असं नाव दिलं. त्याच्या आवडीनिवडी हाच त्याचा विषय. १९९९ च्या ऑगस्टमध्ये ‘ब्लॉगर’ ही ब्लॉग लिहायची सोय आली आणि ज्याला वेबपान कसं बांधतात हे माहीत नव्हतं, त्याच्याही पुढ्यात एक पांढरा चौकोन आला. त्या चौकोनात काहीही लिहिता येतं. दुखणं तिथूनच सुरू झालं, असं माझं आपलं मत.

यावर जाणकारांचा सल्ला ठरलेला असतो: ‘नीश’ शोधा, एकच विषय धरा, त्यालाच चिकटून राहा. सल्ला चुकीचा नाही, फक्त तो दुकानदारीचा आहे. ज्याला काही विकायचंय, किंवा शोधयंत्राच्या यादीत वर यायचंय, त्याने एकच विषय धरावा हे बरोबरच. पण ज्याला नुसतं लिहायचंय, त्याने ‘प्रवास’ किंवा ‘पुस्तकं’ अशी पाटी लावली की काही दिवसांत तो स्वतःच्याच हाताखाली नोकरीला लागल्यासारखा लिहू लागतो. फिरायला गेला तरी मनात मथळे जुळवतो. पुस्तक आवडलं नाही तरी शेवटपर्यंत वाचतो, कारण परीक्षण टाकायचंय. मग एक दिवस राजीनामा देतो, आणि तो राजीनामा कुणाला कळतही नाही.

याच्या उलट टोकाला आम्ही ‘मनातलं काहीबाही’वाले. आमच्या ब्लॉगच्या कडेला विषयवार रकाने असतात: प्रवास, पुस्तकं, अनुभव, इतर. त्यातल्या ‘इतर’पुढचा आकडा बाकी सगळ्या रकान्यांच्या बेरजेहून मोठा असतो. एक ना धड, भाराभर चिंध्या. कोणी टोकलं तर आम्ही लगेच फ्रेंच लेखक माँतेनचा दाखला देतो. १५७१ साली, अडतिसाव्या वर्षी, न्यायालयातली नोकरी सोडून तो आपल्या मनोऱ्यातल्या ग्रंथसंग्रहात जाऊन बसला आणि अंगठे, वास, आळस, नरभक्षक अशा कशावरही लिहू लागला. ललित निबंधाचा तो मूळपुरुष. त्याला चालतं, मग आम्हाला का नाही?

हा दाखला देताना त्याची अर्धी गोष्ट आम्ही सोयीने गाळतो. १५८० मध्ये पहिले दोन खंड छापून आल्यावर माँतेन हात झटकून मोकळा झाला नाही. तो आपलंच जुनं लिखाण पुन्हा पुन्हा वाचत राहिला, त्यात भर घालत राहिला. १५८८ च्या आवृत्तीची त्याची स्वतःची प्रत बोर्दो शहरात अजून जपून ठेवलेली आहे. तिच्या समासांत त्याच्या हाताने लिहिलेली भर आहे, काही पानांवर तर छापलेल्या मजकुराच्या चहूबाजूंनी. १५९२ मध्ये मरेपर्यंत हे चालू होतं. सुरुवातीचे त्याचे निबंध बरेचसे इतरांच्या वचनांची ठिगळं जोडून शिवल्यासारखे वाटतात. या समासांतून मात्र तो हळूहळू स्वतःविषयी बोलू लागतो: आपलं दुखणं, आपल्या खोडी, आपला विसरभोळेपणा. कशावरही लिहिणाऱ्या माणसाला दिशा मिळाली ती नवा विषय शोधून नव्हे, जुनं वाचून. ब्लॉगमध्ये जुनी नोंद उघडून दुरुस्त करायला एक बटण पुरतं. पण आपण ते शुद्धलेखनाच्या चुकीपलीकडे कशाला वापरतो?

हे वाचलं तेव्हा मी माझे जुने लेख कागदावर छापून घेतले. पडद्यावर आपलंच लिखाण वाचताना नजर घसरत जाते, कागदावर ती अडते. पेन्सिल घेतली आणि स्वतःला एकच अट घातली: प्रत्येक लेखात जिवंत वाटणारं एकच वाक्य अधोरेखित करायचं, फार तर दोन. चांगलं वाक्य नव्हे, हं. चांगली वाक्यं पुष्कळदा नटवलेली निघतात. जिवंत म्हणजे जे वाचताना त्या वेळचं सगळं पुन्हा समोर उभं राहतं ते. काही लेखांत असं एकही सापडलं नाही. त्यांत माझी मतं होती आणि मतं फार लवकर शिळी होतात.

मग नुसती अधोरेखित वाक्यं एकाखाली एक उतरवून काढली. प्रवासवर्णनातून आलेलं वाक्य डोंगराबद्दल नव्हतं. बोटीवर तिकिटं देणारा माणूस न बघता, नुसत्या अंगठ्याने नाणी सरकवून वेगळी कशी करत होता, त्याबद्दल होतं. आजारपणावरच्या लांबलचक लेखात माझ्या वेदनांची दोन पानं होती आणि पेन्सिल थांबली होती ती नर्सपाशी. तिने डोळे मिटून माझ्या मनगटावर दोन बोटं फिरवली होती आणि शीर सापडल्यावर मान हलवली होती, मला नव्हे, स्वतःला. एका पुस्तकाच्या परीक्षणात पुस्तकाबद्दल धड काही नव्हतं, पण ते पुन्हा बांधून देणाऱ्याने पाठीवरचा जुना डिंक ओल्या फडक्याने भिजवून कसा सोडवला, ते आठ ओळींत आलं होतं. इतके दिवस मी या ओळींना विषयांतर समजत होते. काही ठिकाणी तर त्याबद्दल वाचकांची माफीही मागितली होती, ‘असो, मूळ मुद्द्याकडे वळूया’ म्हणून. मूळ मुद्दा हाच होता की! मला हात बघायला आवडतात. कामात मुरलेली माणसं हातांनी काय करतात आणि त्यांच्या तोंडून ते का सांगता येत नाही, याचं मला कुतूहल आहे.

याला विषय म्हणता येईल का, कोण जाणे. कुठल्याही रकान्यात तो बसत नाही. पण त्या दिवसापासून ‘आज काय लिहू’ हा प्रश्न बदलून ‘आता कोणाकडे बघायला जाऊ’ असा झाला, आणि या प्रश्नाचं उत्तर पाय देतात, डोकं शिणवावं लागत नाही. अर्धवट टाकलेल्या मसुद्यांनाही हीच चाळणी लावून पाहिली. जे मसुदे रेंगाळले होते, त्यातल्या बहुतेकांत मला कुणाला तरी काहीतरी पटवून द्यायचं होतं. ते खुशाल पुसले. अर्धवट मसुदे पुसताना इतकं हलकं वाटेल असं वाटलं नव्हतं.

दिशेचा खरा उपयोग मला नाही म्हणताना जास्त कळला. एखादी गाजणारी घटना घडली की सगळे लिहितात, आपणही लिहावं असं हातांना वाटू लागतं. आता विचारते: यात मी जवळून पाहिलेले हात कुठे आहेत? नसले तर तो लेख दुसऱ्या कोणीतरी लिहावा. तो लिहितोच.

कुंपणाने लिखाण आखडतं, अशी भीती असेल तर गिल्बर्ट व्हाइटकडे बघावं. अठराव्या शतकातला इंग्लंडमधला हा पाद्री. सेलबर्न नावाच्या लहानशा खेड्याच्या शिवेतलं पशुपक्षी, झाडं, पाऊसपाणी एवढंच त्याने मित्रांना पत्रांतून कळवलं आणि १७८९ मध्ये ती पत्रं पुस्तकरूपाने आली. एकाच पायवाटेने वर्षानुवर्षं हिंडल्यामुळे त्याला असं दिसलं की सगळे जण ज्याला एकच समजत होते, तो चिमुकला पक्षी प्रत्यक्षात तीन जातींचा आहे. दिसायला जवळजवळ सारखे, पण प्रत्येकाचं गाणं वेगळं. गांडुळांना क्षुद्र समजू नका, जमिनीचा पोत त्यांच्यामुळे टिकतो, हे त्याने लिहून ठेवलं. मधमाश्यांना ऐकू येतं का हे तपासायला तो त्यांच्या पोळ्याजवळ भलामोठा कर्णा धरून ओरडला. (मधमाश्यांनी दखल घेतली नाही. शेजाऱ्यांनी घेतली असणार.) त्याच्याकडे विषय एक नव्हता, शंभर होते. शीव मात्र एक होती. कुंपण गावाचंच हवं असं नाही. ते वेळेचं असू शकतं, लांबीचं असू शकतं, किंवा ‘मी स्वतः हात लावलेल्या वस्तूंबद्दलच लिहीन’ असं एखादं खुळचट बंधनही चालेल. खुळचट बंधनं जास्त टिकतात, असा आपला एक अंदाज.

आकडेवारीचा मोह मात्र वाईट. माझी सर्वात जास्त वाचली गेलेली नोंद कुठली, तर कीबोर्डची अडकलेली कळ कशी सोडवावी ही. घाईत खरडलेली, आठ-दहा ओळींची. आलेख बघितला की वाटतं, लोकांना हेच हवंय, आता माऊसवर लिहावं. पण कळ सुटली की तो माणूस निघून जातो आणि जायलाच हवं, त्याला काम असतं. माझं नाव त्याला कशाला लक्षात राहील? उलट, डिंक सोडवणाऱ्यावरच्या त्या आठ ओळी वाचून एका अनोळखी बाईंनी कळवलं होतं की त्यांचे वडील हेच काम करायचे आणि फडकं कोमट पाण्यात बुडवायचे, गारमध्ये नाही. आलेखात त्या बाई म्हणजे एक ठिपका. मी आता लिहिताना त्यांनाच डोळ्यांसमोर ठेवते. त्यांच्यापुढे डिंकाबद्दल थाप मारता येणार नाही, एवढा वचक पुरतो.

जुन्या नोंदी, त्या गुडघेदुखीच्या आणि निवडणुकीच्या, काढून टाकाव्यात का, असं एका मैत्रिणीने विचारलं. मी ठेवल्यात. त्यांच्याखाली ‘इतर’ तसंच आहे, फक्त तो आकडा आता वाढत नाही. सध्या यादीत पियानो सुरात लावणारे एक गृहस्थ आहेत, उंच क्रेन चालवणारी एक मुलगी आहे आणि घड्याळं दुरुस्त करणारे एक आजोबा. पहिल्या दोघांनी आनंदाने या म्हटलंय. आजोबांची अट आहे की बघायला यायचं, पण प्रश्न विचारायचे नाहीत, स्क्रू उडतात.